दहा मिनिटं पुढचं घड्याळ

मी शिला. माझ्या नाकावर राग असतो असं समदे म्हणतात, अन् ते खरं हाय. पण कामात मी आजपर्यंत कुणाला बोट ठेवायला जागा दिली न्हाई. म्हणूनच प्रियंका मॅडमनं जे केलं ते माझ्या गळ्याखाली उतरूनच न्हाई राहिलं.

मॅडमचं घर आखाडा बाळापूरला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. आमच्या गावच्या शाळेत शिकवतात त्या. तीन वर्षांपूर्वी कामाला लागले तवाच मी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, "सव्वासात ते सव्वानऊ. दोन तास. भांडे, झाडू, फरशी अन् कपडे. त्याच्यावर काही सांगायचं न्हाई."

मॅडम हसल्या. "मावशी, तुमी तर साहेबासारखं बोलून राहिल्या."

"दोन तासाचे पैसे देता, दोन तास बराबर घ्या. मंग ना तुमची कटकट ना माझी."

त्याच दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातलं घड्याळ दाखवलं. "हे दहा मिनिटं पुढं हाय बरं का. मला शाळेला उशीर नको म्हणून मुद्दाम पुढं ठेवलंय." माझा मोबाईल नातीकडं असतो, तिच्या अभ्यासाला. मला ते घड्याळच आधार. मी हिशोब बसवला, काटा नऊ पंचवीसवर आला की सव्वानऊ झाले. हात पदराला पुसायचे अन् चपला घालायच्या. तीन वर्षं ह्यात एक दिवस चूक झाली न्हाई.

खोटं काहून बोलू, मॅडमनं माझं भलं बी केलं. दोन वर्षांमागं शाळेत खिचडी शिजवायला बाई पाहिजे होती, तवा मोठे सर फुलसिंग, त्यांच्याकडं मॅडमनंच माझा शब्द टाकला. तिथं रहमतबी आधीपासून होती, मी दुसरी. साडेनऊला सरांसमोर तांदूळ मोजायचा अन् दोघींनी रजिस्टरात सही करायची. पहिल्या महिन्यात मी अंगठाच लावायचे. मंग नातीनं शिकवलं. शिला संतराम. संतराम माझा नवरा, तो न्हाई आता, पण त्याचं नाव मी रोज माझ्या हातानं लिहीत होते. दुपारी लेकरं ताटं घेऊन ओरडायची, "शिलाआजी, मला खालची करपलेली!" बाकी दिवसभर मी कुणाची तरी बाई असते. तिथं मी शिलाआजी होते. ते काम म्हणजे माझा जीव होता, उगं लाजायचं कशाला.

दिवाळीनंतर मॅडमच्या सासूबाई गावाकडं साखऱ्याला अंगणात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. त्यांना इकडं आणलं. मॅडम अन् त्यांचे मालक हरीश साहेब दोघं बी सकाळी घराबाहेर. साहेबांचं खताचं दुकान, ते बाराला जेवायला येतात. मधले तीन तास म्हातारीजवळ कोण?

मॅडमनं चहा दिला, त्यात आलं बी घातलं होतं. तवाच मी समजायला पाहिजे होतं. "मावशी, शाळेचं सोडून द्या न. बारापर्यंत हितंच थांबा. पाचशे वाढवून देते."

"मॅडम, तुमीच चिकटवलं अन् तुमीच सोडा म्हणता?"

"घरच्यासारख्या तुमी, म्हणून म्हणलं."

"घरच्यासारखी हाय म्हणूनच सांगते. तासाला बाई बघा दुसरी. मी माझ्या दोन तासात आजींची अंघोळ घालून देईन, त्याचं काही मागणार न्हाई. पण सव्वानऊनंतर मी शाळेची."

"बरं बाई, राहिलं," म्हणल्या अन् हसल्या. मला वाटलं, किती समजूतदार पोरगी.

त्याच्यानंतर चार-पाच दिवसांनी मला उशीर व्हायला लागला.

पहिल्या दिवशी फाटकात गेले तर रहमतबीनं तांदूळ मोजून बी झाला होता. "क्या गे शिला, इत्ती देर?" सरांनी भिंतीकडं बोट केलं. नऊ चाळीस. मी म्हणलं, वाटेत ट्रॅक्टरवाला आडवा आला होता, त्यानं झालं असंल. दुसऱ्या दिवशी बी नऊ चाळीस. तिसऱ्या दिवशी पदर खोचून पळतच निघाले, तरी नऊ अडतीस. माझं डोकंच चालंना. निघते तर वेळेवर, मंग वाटेत ही दहा मिनिटं कोण खाऊन राहिलं?

रहमतबी म्हणाली, "अगे, गुडघे गये तेरे. मेरे भी ऐसेच गये थे." मला पटलं. पन्नाशी उलटली माझी. तिनं लसूण कढवलेलं तेल दिलं, ते मी संध्याकाळी चोळायचे, नात पाय दाबायची. सकाळचा चहा सोडला. म्हणलं चहा पिऊन जड व्हायला होत असंल. काय काय विचार करते माणूस!

मॅडमला बी सांगितलं. त्या आरशापुढं केस विंचरत होत्या. "मॅडम, माझे गुडघे गेले वाटते हो. रोज दहा मिनिटं उशीर होऊन राहिला. सर वरडतात."

"वय झालं मावशी आता. जपत जा," म्हणल्या. अन् कपाटातून मलमाची नळी काढून माझ्या हातात दिली. "हे लावा, साहेबांना फरक पडला होता." माझ्या डोळ्यात पाणी आलं. खरंच आलं.

आठव्या दिवशी सरांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागद होता. स्वयंपाकीण वेळेवर येत नाही, पोरांच्या जेवणाला उशीर होतो, अशी तक्रार. खाली तीन मास्तरांच्या सह्या. पहिली प्रियंका मॅडमची. मला वाचायला वेळ लागते, पण ती सही मी ओळखते, त्यांच्या घरी दूधवाल्याच्या वहीत रोज बघते. मॅडम तिथंच खुर्चीवर बसलेल्या.

तरी मला वाटलं, लोकांनी धरून सही घेतली असंल. म्हणलं, "मॅडम, तुमी सांगा न सरांना. मी तुमच्याकडून वेळेवर निघते का न्हाई?"

मॅडमनं माझ्याकडं पाहिलं न्हाई. "मी तर वेळेवरच सोडते सर. पुढं वाटेत काय करतात, मला काय माहीत?"

सर म्हणले, उद्यापासून करुणाबाई येईल. रहमतबी दारातून काहीतरी बोलायला गेली, सरांनी हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमकडं गेले. न जाऊन खाणार काय? स्वयंपाकघराच्या दारात फरशी पुसत होते. बैठकीत साहेब टीव्हीवर बातम्या बघत होते. टीव्हीच्या कोपऱ्यात आठ चाळीस. मी वळून घड्याळ पाहिलं. तिथं बी आठ चाळीस.

"साहेब, टीव्हीचा टाइम पुढं गेला का?"

"न्हाई मावशी. ते घड्याळ बराबर केलं मी. प्रियंका म्हणली, करून टाका, कशाला पुढं ठेवायचं. झाले की आठ-दहा दिवस. तुमाला सांगितलं न्हाई का तिनं? सांगते म्हणली होती."

फडकं हातात तसंच राहिलं. आठ-दहा दिवस. म्हणजे मी पंचवीसची वाट बघत आजींचे पाय पुसत बसायचे, अन् ती माझ्यासमोर केस विंचरत ते बघायची.

मॅडम आतून आल्या. ऐकलं होतं त्यांनी, चेहऱ्यावरच दिसत होतं. "अगं बाई, इसरलेच बघा सांगायचं! पण एका परीनं बरंच झालं मावशी, तुमची पळापळ वाचली. आजपासून बारापर्यंत थांबत जा."

"मलम देताना बी इसरल्या होत्या का?"

त्या टेबलावरच्या वह्या पिशवीत भरायला लागल्या.

"सरांसमोर बी?"

"मावशी, माझी बी तकलीफ समजून घ्या न. म्हातारीला एकटं टाकू का मी?"

"मला तोंडावर सांगायचं होतं. भांडायचं होतं. काम काढून घेते म्हणायचं होतं. मी माझ्या गुडघ्याला शिव्या दिल्या आठ दिवस, मॅडम! तुमी मला मावशी म्हणता अन् केसानं गळा कापता?"

साहेबांनी टीव्ही बंद केला. मी फरशी पूर्ण पुसली, कपडे वाळत घातले, आजींचे केस विंचरून दिले. त्यांनी माझं काही वाईट केलं नव्हतं. काटा सव्वानऊवर आला, खऱ्या सव्वानऊवर, तवा मलमाची नळी अन् मागच्या दाराची किल्ली टेबलावर ठेवली अन् निघाले. मागून मॅडम म्हणत होत्या, "उद्या येता न?" मी वळले न्हाई.

पाय आपोआप शाळेच्या रस्त्याला लागले. पळाले न्हाई, चालतच गेले, रोजच्यासारखी. फाटकात पोचले तर सर पोत्याची सुतळी सोडत होते अन् रहमतबी तराजू पुसत होती. भिंतीवर साडेनऊला दोन मिनिटं कमी.

मी तिथंच उभ्या उभ्या सरांना समदं सांगितलं. घड्याळाचं, साहेबांचं, मलमाचं. रहमतबीच्या हातातलं फडकं थांबलं. सरांनी ऐकून घेतलं, मान खाली घातली, मंग हळूच म्हणले, "शिलाबाई, रजिस्टरात करुणाबाईची रुजू व्हायची सही झाली आता."

करुणा रजिस्टर छातीशी धरून उभी होती. शाई ओली असंल अजून. तिचा काय दोष?

मी परत फिरले. पाऊण मैल चालून आले होते, अन् गुडघ्यात एवढीशी बी कळ नव्हती.