वकील पणजोबांची परत आलेली पत्रं

शफीक मुकादमांनी पणजोबांचं चरित्र लिहायला घेतलं त्याला सहा वर्षं झाली. थोरल्या मुलाकडे, रियाजकडे, दोह्याला कायमचे राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी पहिली वही उघडली. पणजोबा आधी पलटणीत शिपाई, हबसाणच्या, म्हणजे ॲबिसिनियाच्या, लढाईवर जाऊन आलेले. मग रत्नागिरीच्या कोर्टात वकील. शेवटी म्युनिसिपालिटीत निवडून आलेले. असा माणूस घराण्यात एकदाच झाला आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांनी त्याच्याच नावावर मिशीला पीळ दिला.

पलटण, निवडणूक सगळं लिहून झालं, तरी शफीक अब्बांचा जीव एकाच प्रसंगात अडकला होता. पणजोबांच्या सख्ख्या भावाने भर कोर्टात विरुद्ध बाजूने साक्ष दिली. वकीलसाहेबांनी उलटतपासणीत त्याला घाम फोडला, खोटा ठरवला आणि घराचं दार त्याला कायमचं बंद केलं. भाऊ बसऱ्याला निघून गेला. अब्बा हे असं रंगवून सांगत, की वाटावं स्वतः कोर्टात हजर होते.

हा प्रसंग त्यांना आवडायचा, कारण त्यांनीही तेच केलं होतं. धाकट्या मुलाने, फुजैलने, जमिनीच्या दाव्यात अब्बांविरुद्ध मामाच्या बाजूने साक्ष दिली, त्या दिवसापासून घरात त्याचं नाव घ्यायला बंदी. फुजैल दोह्यातच अल नस्रला एकटा राहायचा, रियाजच्या बिन महमूदमधल्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. रियाज गुपचूप जाऊन त्याच्याकडे चहा पिऊन यायचा. गावचं कुणी भेटायला आलं, तरी तेवढं नाव गाळूनच बोलायचं.

त्या बंदीनेच घात केला. दोन वर्षांपूर्वी फुजैल झोपेतच गेला. अब्बांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. रियाज अबू हमूरच्या कब्रस्तानात भावाला माती देऊन आला, आंघोळ केली आणि अब्बांसोबत जेवायला बसला. पुढे आज सांगू, उद्या सांगू करता करता महिने गेले. ज्याचं नावच घ्यायचं नाही, तो मेला हे सांगायचं कसं? ही पळवाट होती, आणि ते रियाजला पक्कं ठाऊक होतं.

या शुक्रवारी जुम्म्याहून परतल्यावर अब्बांनी त्याला समोर बसवलं. त्यांच्या चुलतबहिणीने, ताहेरुन्निसाने, गावच्या जुन्या पेटीतल्या कागदांचे फोटो मोबाईलवर पाठवले होते. पणजोबांनी बसऱ्याला भावाला लिहिलेली उर्दू पत्रं, पत्ता न लागल्यामुळे परत आलेली.

"बारा आहेत," अब्बा म्हणाले. "सगळ्यांत मजकूर एकच. तू खरं बोललास, मी वकिली करून तुला खोटं पाडलं. घरी ये."

अब्बांनी चष्मा काढून पुसला.

"फुजैलपण खरंच बोलला होता. मला तेव्हाही माहीत होतं. मी माझ्याच तोऱ्यात राहिलो. बोलव त्याला, आजच. रबियाला सांग सांदण कर म्हणून, त्याला आवडतं."

स्वयंपाकघरात रियाजच्या बायकोच्या, रबियाच्या, हातातलं भांडं थांबलं. फुजैलची हमद पोर्टवरची शिफ्ट, त्याचा बंद फोन, काहीही सांगून आजचा दिवस ढकलता आला असता. पण अब्बांनी त्याला फोन लावायला स्वतःचा मोबाईल पुढे केला होता.

"अब्बा, फुजैल नाही राहिला. दोन वर्षं झाली."

अब्बांनी मोबाईल मांडीवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "मातीला कोण होतं?"

"मी होतो. त्याच्या कामावरचे होते."

"माझ्या नावाने मूठभर माती टाकलीस?"

टाकता आली असती. कब्रस्तानात कुणीतरी त्याला तसं सुचवलंही होतं, आणि बापावरच्या रागाने रियाज नको म्हणाला होता. दोन वर्षं खोटं निभावलं, पण आता त्याला ते जमेना.

"नाही, अब्बा."

अब्बांनी हळूच मान हलवली. "बरं केलंस," ते म्हणाले. "तेवढा हक्क मी ठेवला नव्हता."

रियाज त्यांच्या गुडघ्यांशी बसला आणि भावासाठी पहिल्यांदा मोठ्याने रडला.