गाडी बदलेपर्यंतचं सोलापूर

"ह्याचं झाकन कवाच धड बसत न्हाय! माजा परकर भिजला की!"

विजयमाला माझ्या कानाशीच कुरकुरली. तांब्याला कान नसतो म्हणत असाल, तर गळ्याशी म्हणा. सोलापूर स्टेशनचा फलाट होता, बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते, आणि मी तिच्या मांडीवर होतो.

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. माझं झाकण नुसतं ठेवत नाहीत, फिरवून बसवतात. काढून उलटं धरलं की त्याचंच पाणी प्यायचं भांडं होतं. बार्शीच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं, गळ्याला आटे पाडले आणि घासून असं लखलखवलं की केम गावचा कोंडीबा वाटेतून मागे फिरला आणि मला घेऊन गेला. मी त्याच्यासोबत शेतावर गेलो, बाजाराला गेलो, लग्नांना गेलो. "तांब्या हाय का सोनं!" असं लोक म्हणत, आणि मी फुगत असे. पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. आता अंगावर हिरवे डाग आहेत. असो.

पितळेची जात मुळात संशयी. प्रवासात ज्याची त्याची नजर आमच्यावर. कोण पाणी मागायला येतो आणि कोण मोडीत घालायला, ते ओळखावं लागतं. पण त्या दिवशी मला संशय आला तो घरच्याच माणसांचा.

कोंडीबा, त्याची बायको मथुराबाई आणि धाकटी लेक विजयमाला शहाबादला निघाली होती. तिथे कोंडीबाची बहीण राहायची. तिचा नवरा सिमेंटच्या कारखान्यात होता. घरात नळ होता, दोन वेळची चूल होती, मूल मात्र नव्हतं. पॅसेंजरने आम्हाला सकाळी सोलापुरात उतरवलं. पुढची गाडी संध्याकाळी. एरवी कोंडीबाने भाकरी सोडली असती आणि फलाटावर आडवा झाला असता. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "चला, शेर बगू. पोरीला दावू."

खडी फोडून हाताला घट्टे पडलेला माणूस शहर बघायला निघतो? शिवाय माझ्या शेजारचं गाठोडं मी रात्रभर बघत आलो होतो. मथुराबाईचं त्यात एकच लुगडं होतं. विजयमालेची मात्र सगळी परकर-पोलकी होती आणि वर शाळेची पाटी. चार दिवसांच्या पाहुणचाराला पाटी कशाला? ही पोर परत केमला येणार आहे ना, एवढाच घोर मला लागला.

स्टेशनाबाहेर मौलाली नावाचा टांगेवाला पुढे आला. "आओ मामा, पूरा सोलापूर दिखातूं."

"हा आपल्याला गल्लीबोळात निऊन लुबाडंल," मथुराबाई पदराआड पुटपुटली.

त्याने ते ऐकलंच. "बाई, मैं लुटेरा रहता तो मेरा घोडा इत्ता दुबला कायको रहता?"

घोडा खरोखरच हाडांचा सापळा होता. आम्ही टांग्यात बसलो. तरी मी त्याच्यावरची नजर काढली नाही.

भुईकोट किल्ला बाहेरून पाहिला. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा विजयमालेने मला पोटाशी घट्ट धरलं. मग बाजारात तिने लाल रिबिनी मागितल्या, मिळाल्या. बांगड्या मागितल्या, त्याही मिळाल्या. गारीगार मागताना ती जरा थांबली, बापाकडे तिरकं बघू लागली.

"आबा, आज तुमी न्हाय कसं म्हनंनासा?"

"सनाचा दिस हाय समज."

"कंचा सन?"

"मौलाली, हाका की बिगीबिगी!" कोंडीबा म्हणाला.

गारीगार तिच्या हातात विरघळत राहिलं. तिने ते नीट खाल्लंच नाही.

सिद्धेश्वराच्या देवळाशी आलो. तळ्याचं पाणी पार खाली गेलं होतं, कडेच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. दर्शन झालं. बाहेर येऊन मथुराबाईने लेकीला पायरीवर उभं केलं, कपाळाला कुंकू लावलं. "परकराचा सोगा धर," म्हणाली. ओंजळभर तांदूळ, हळकुंड आणि नारळ तिने त्या सोग्यात घातला. तांदूळ पायरीवरही सांडले.

मौलाली घोड्याला गवत टाकता टाकता थांबला. त्याला काही ठाऊक नव्हतं, म्हणूनच तो बोलला. "बाई, दुल्हन ससुराल कू जाती तब उसकी माँ ऐसी ओटी भरती. मेरे टांगे में कित्ती देखा मैं. ये तो बच्ची है की!"

दिवसभर मी ज्याच्यावर पाळत ठेवली, त्या एकट्याच्या पोटात काही लपलेलं नव्हतं.

विजयमालेने सोगा सोडला नाही. थोरल्या बहिणीची ओटी तिने पाहिली होती. त्यानंतर ती बहीण घरी फक्त पाहुणी म्हणून आली.

"आई, मी कुटं चाललीया?"

"आत्याकडं की."

"मग परत कवा?"

कोंडीबाने मला उचललं आणि माझी फिरकी आवळू लागला. ती आधीच घट्ट होती. "तितं शाळा लई मोटी हाय," तो मला सांगितल्यासारखा म्हणाला. "नळाला पानी येतं. आत्या लई लाड करंल."

"मी ते न्हाय इच्यारलं, आबा."

मित्रांनो, आम्हा भांड्यांना अधूनमधून चिंच-मीठ लावून घासत चला, डाग जातात. आणि उद्या तुम्ही मोठी माणसं व्हाल, तेव्हा लेकराने तोंडावर काही विचारलं, तर त्याच्या हातात रिबिनी कोंबू नका. ते उत्तर मागत असतं.

कोंडीबा घाईने म्हणाला, "पाऊस पडला की न्यायला यीन, माले."

मथुराबाई खाली बसली आणि लेकीची हनुवटी तिने हातात धरली.

"न्हाय यायचो गं आमी न्यायला. तुजा बाप खोटं बोलतूया, त्याच्या तोंडून खरं निघत न्हाय. घरात दाना न्हाय, आनि आत्याला लेकरू न्हाय. आमी तुला आत्याला दिऊन टाकलंय, माले."