पाखरांच्या आधी पाणी नाही

मी एक जुनी दगडी कुंडी आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना गोड बोलतात. मला ते जमणार नाही. मी जे पाहिलं त्याची मला अजून शिसारी येते, आणि ती लपवली तर गोष्टच खोटी होईल.

सोनगीरजवळच्या एका खाणीत झिपरू नावाच्या पाथरवटाने मला घडवलं. खरं तर मी उखळ होणार होते. पण निम्मं काम झाल्यावर माझ्या पोटात एक पांढरी रेघ निघाली. झिपरू म्हणाला, "कांडता कांडता फुटीन. पन पानी धरीन." पारोळ्याच्या बाजारात मी आठ दिवस उन्हात पडून होते. मग जळगावचे धान्याचे व्यापारी माणकचंदजी आले आणि त्यांनी मला बैलगाडीत घातलं. त्यांच्या पत्नीला, झमकूबाईंना, पाखरांना पाणी ठेवण्यासाठी मातीची परळं पुरत नव्हती. कावळे ती पालथी करत.

शेठजींचं घर गावाच्या कडेला होतं. घरामागे मोठं मोकळं आवार आणि त्यापलीकडे नाला. आवारात एक काटेरी हिवर होता, दोन बोरी होत्या, पिवळ्या फुलांचा तरवड होता, कुंपणाला रुई होती. यातलं काही कुणी लावलेलं नव्हतं, म्हणून त्याचं कुणाला कौतुकही नव्हतं. मला बोरीच्या सावलीत ठेवलं. झमकूबाई रोज पहाटे मला रिकामी करायच्या, घासायच्या आणि फडक्यातून गाळलेलं पाणी भरायच्या. उजाडलं की साळुंक्या यायच्या, मग बुलबुल, मग कबुतरांसारखे होले. ससाणा दिसला की सगळे काट्यांत शिरायचे आणि तो गेला की पुन्हा माझ्यावर. तरवडावर अळ्या असायच्या आणि अळ्यांवर पिलं वाढायची. तेव्हा मला वाटायचं, जगात असंच असतं.

माणकचंदजी वारल्यावर बाईंनी जैन साध्वीजींसमोर नियम घेतला. सकाळी एखादं पाखरू कुंडीत पाणी पिऊन गेल्याशिवाय आपण पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. सूर्यास्तानंतर तर त्या तशाही काही घेत नसत. नियम ऐकायला कडक होता, पण पाखरं इतक्या लवकर यायची की सहा वर्षांत तो बाईंना एकदाही जड गेला नाही.

सदुसष्ट साली त्यांचा मुलगा सुगनचंद मुंबईला जाऊन आला. तिथे त्याने कुणाचा तरी बंगला पाहिला आणि येताना डोक्यात बगीचा घेऊन आला. मागच्या आवाराला दगडी भिंत घालायची, मध्ये हिरवळ, कडेने क्रोटन, कोपऱ्यात निलगिरी आणि बसायला सिमेंटची पांढरी बाकं. सुगनचंद वाईट माणूस नव्हता. मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून तो जपून चालायचा. त्याने खूप विचार करून अशी झाडं निवडली होती, ज्यांना कीड लागत नाही.

"कीडच नाही, तर कीड मारायचं पापही नाही," तो पुनाला म्हणाला. पुना हा त्यांच्या घरचा जुना गडी.

पुना कुऱ्हाड टेकवून उभा राहिला. "शेटजी, ज्या पाल्याले अळी खात नही, तो पाखरूले काय कामना? पिलासले का धोंडा चारी ते?"

"तू झाडं तोड. अक्कल मी मुंबईहून आणली आहे."

"मंग ती बी लाई टाका. पानी मी घालसू."

तरी त्याने झाडं तोडली. नोकर होता बिचारा. हिवर दोन दिवसांत आडवा झाला, बोरी एका दुपारी गेल्या. बोरीवर होल्याचं घरटं होतं. ते मात्र सुगनचंदने स्वतःच्या हाताने उचलून भिंतीवर नेऊन ठेवलं. त्याला वाटलं, आपण दया केली. संध्याकाळपर्यंत मांजराने त्याचा निकाल लावला.

मग मला हिरवा ऑइल पेंट फासला आणि उघड्या हिरवळीच्या मधोमध ठेवलं. तो वास आजही माझ्या अंगातून गेलेला नाही. गावातली मोठी माणसं बगीचा बघायला आली. एक वकीलसाहेब म्हणाले, "वा, सुगनचंदजी, एक वाळकं पान नाही." अहो, वाळकं पान नाही, मुंगी नाही, कोळ्याचं जाळं नाही आणि आवाजही नाही. मेलेल्या माणसाला आंघोळ घालून नवे कपडे चढवावेत, तसा तो बगीचा दिसत होता, आणि लोक त्याभोवती चहा पीत होते.

कावळे-कबुतरं अजून यायची. ती पांढरी बाकं घाण करतात म्हणून सुगनचंदने रखवालदाराच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी दिली. डबा वाजला की पाखरं उडायची. ज्या घरात पाखरांसाठी पाणी गाळून ठेवत, त्याच घरात पाखरांना हाकलायला पगारी माणूस होता.

बाईंचा नियम आता दहा वाजेपर्यंत लांबू लागला. मग बारापर्यंत. चैत्रात एके दिवशी सूर्य मावळला तरी कुणीच आलं नाही आणि बाई पाण्याशिवाय झोपल्या. सुगनचंद घाबरला. त्याने डबा बंद करवला. पण भ्यालेली पाखरं हुकमाने परत येत नाहीत, आणि लहान पाखरं तर उघड्यावर, जवळ लपायला झुडूप नसताना पाण्याला उतरतच नाहीत. सून चंद्रकांता कळवळून म्हणाली, "बाईजी, साध्वीजींना विचारून नियम सोडवून घ्या ना."

"नियम पाखरांसाठी घेतला आहे," बाई म्हणाल्या. "त्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सुगनचंद एकटा माझ्याजवळ आला. इकडेतिकडे पाहून त्याने अंगरख्याची बाही वर केली, माझ्यातलं ओंजळभर पाणी उपसलं आणि हिरवळीवर फेकलं. त्याच्या हाताला साबणाचा आणि अत्तराचा वास होता. मित्रांनो, माझ्यावर पाखरांनी काय काय केलं नाही. मला कधी वाईट वाटलं नाही. पण त्या स्वच्छ हाताची मला जी किळस आली, ती कशाचीच आली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही सांगायलाच हवं.

तो आत जाऊन म्हणाला, "बाई, चिमण्या पिऊन गेल्या."

बाईंना मोतीबिंदू झाला होता. त्या काठी टेकत आल्या आणि माझ्यात बोटं घालून पाणी मापलं. मग काठावरून सावकाश तळहात फिरवला. शीट नाही, पीस नाही, चिखलाचा पाय नाही.

"किती चिमण्या होत्या रे?"

"दोन."

"दोन चिमण्या एवढं पाणी प्यायल्या? बिचाऱ्या लांबून आल्या असतील."

बाई त्या दिवशीही पाणी प्यायल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पुनाला हाक मारली आणि मला भिंतीपलीकडे, नाल्याच्या काठावर न्यायला सांगितलं. तिथे एक बोर आणि तरवडाची दाटी उरली होती. तिथेच लोक टमरेल घेऊन बसायला जात. पुनाने आधी नाकाला फडकं बांधलं आणि मग मला उचललं. बाई शेजारी गोणपाटावर बसल्या. तासाभरात एक बुलबुल आला, काट्यात बसून बराच वेळ खात्री करत राहिला आणि मग खाली उतरून प्यायला. बाईंनी दोन दिवसांनी पाणी घेतलं.

सुगनचंद धावत आला. "बाई, इथे बसता? इथे घाण आहे."

"हो. म्हणून माशा आहेत. माशा आहेत म्हणून पाखरं आहेत."

"लोक काय म्हणतील?"

"लोक इथे दुसऱ्या कामाला येतात. मला बघायला त्यांना फुरसत नसते."

दोन वर्षं बाई रोज तिथे गेल्या. त्यांना वळसा पडू नये म्हणून सुगनचंदने भिंतीत दार पाडलं. मग एका पावसाळ्यात तो आणि पुना कुदळ घेऊन हिरवळीत उतरले. तरवडाचं बी, हिवराची रोपं, नाल्याकाठच्या बोरीच्या बिया, सगळं पुनाने सांगितलं तसं लावलं. पहिल्यांदा अळी हातावर चढली तेव्हा शेठ किंचाळला. पुना म्हणाला, "चावत नही ती, शेटजी. ती काय येपारी शे का?"

त्यापुढच्या वर्षी भाद्रपदात बाईंना ताप आला. नाल्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं. वैद्य म्हणाले, आज पोटात पाणी गेलं नाही तर अवघड आहे. पुनाने मला आत आणून आवारात नव्या तरवडाखाली ठेवलं. झाडं जेमतेम कमरेएवढी होती. नऊ वाजले, दहा वाजले. सुगनचंद खिडकीत उभा होता. या वेळी तो माझ्याजवळ आला नाही.

मग पाचोळ्यात खुडबुड झाली. सातभाई नावाचे मातकट पक्षी आले. सात भावांसारखे ते टोळीने हिंडतात आणि भांडल्यासारखा कालवा करतात. त्यांनी अळ्या वेचल्या, माझ्यात उड्या मारल्या, अर्धं पाणी सांडलं.

आतून बाईंचा बारीक आवाज आला. "सुगन, किती आहेत?"

"पाच."

"सातभाई, आणि पाचच?"

"पाचच आहेत, बाई. मी दोनदा मोजले."

"मग पाणी आण," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरामागेही आपोआप उगवलेलं एखादं काटेरी, अळ्यांनी भरलेलं झुडूप असेल. ते उपटून शोभेचं काही लावायचं घरात ठरत असेल. खुशाल लावा. फक्त त्याआधी घरातल्या ज्या माणसावर तुमचा सगळ्यात जास्त जीव आहे, त्याला झमकूबाईंचा नियम घ्यायला सांगा. मग कुऱ्हाड कोण उचलतं, ते मला पाहायचं आहे.