कुकर काही बोलेना

आमच्या वाडीत तिन्हीसांजेला कुणी दार लावत नाही. लक्ष्मी दारातून परत जाते म्हणतात. लक्ष्मी नाही आली तरी शेजारीण येतेच. त्यामुळे नागपुराहून निवृत्त होऊन आलेले गुरुदासकाका रोज दिवेलागणीला दारं-खिडक्या गच्च लावून बसायला लागले, तेव्हा वाडीच्या पोटात दुखणं साहजिक होतं. आमच्याकडे दार लागतं ते सरंगा तळलेला असेल आणि तो कुणाला द्यायचा नसेल तरच. काकांच्या घरातून तर वासही येत नव्हता.

वास येत नाही याची खात्री करून आलेली तीन कार्टी म्हणजे ओंकार, मंगेश आणि विनीत. विनीत माझाच, म्हणून तिघांनाही कार्टी म्हणायचा मला अधिकार आहे.

त्यात राखण तोंडावर आलेली. वर्षातून एकदा आम्ही वाडीची राखण करणाऱ्या देवचाराला कोंबडा देतो. आधी गाऱ्हाणं घालायचं. एकानं सगळ्यांच्या वतीनं देवचाराकडे मागायचं, प्रत्येक मागण्याला वाडीनं एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, आणि मग कोंबडी-वडे. गाऱ्हाण्याचा मान गुरुदासकाकांच्या घराण्याचा. त्यांचे थोरले बंधू, भाई, आजवर गाऱ्हाणं घालत आले. त्यांचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जायचा. यंदा भाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना अवाक्षर काढायची बंदी केली. बायको विमलाकाकी पहाऱ्याला होतीच.

गाऱ्हाणं नाही तर राखण नाही, आणि राखण नाही तर वडे नाहीत. गुरुदासकाकांना विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. जो माणूस कोळणीला 'ताई, बांगडे ताजे आहेत ना' असं पुस्तकी मराठीत विचारतो, तो देवचाराशी काय बोलणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. शेवटी वाडीच्या मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष दत्तप्रसाद म्हणाला की भाईंचं गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं मोबाईलवर आहे, ते स्पीकरवर लावू. त्या गाऱ्हाण्यात 'दत्तप्रसादाचा लगीन जमांदे' असंही मागणं होतं, आणि त्याचं लग्न तर होऊन गेलेलं. त्याच्या बायकोनं दोन दिवस अबोला धरला.

मंडळाच्या त्या बैठकीत काशीबाई म्हणाल्या, "कोणीतरी कायतरी करता, म्हणान भाईचो आवाज गेलो." काशीबाई हे वाक्य विहिरीवरचा पंप बंद पडला तरी म्हणतात. पण पोरांनी ते उचललं. ओंकारनं निष्कर्ष काढला की गुरुदासकाकांनीच भाईंचा आवाज घरात कोंडून ठेवलाय. बरणीत, अशी मंगेशनं त्यात सुधारणा केली. आवाज सोडवला तर वडे मिळतील हे विनीतनं ओळखलं. माझ्या मुलाचं डोकं वड्यांपर्यंत बरोबर पोचतं.

पुढचं मी तिघांकडून वेगवेगळं ऐकलं, आणि आपण अजिबात घाबरलो नव्हतो असं तिघांनीही सांगितलं.

तर तिन्हीसांजेला तिघं काकांच्या घराच्या मागच्या अंगाला काजूच्या झाडाखाली गेले. खिडकीची एक फळी फुटकी होती, पण उंचावर. ओंकार खाली उभा राहिला, मंगेश त्याच्या खांद्यावर चढला, आणि विनीतनं ओंकारची चड्डी धरून ठेवली. काजीवर हुमले होते. हे तांबडे मुंगळे एकदा चावले की माणूस खरं बोलतो. ओंकारच्या पाठीवरून त्यांची वरात निघाली तरी तो हलला नाही, एवढं कौतुक मी करीन.

"काय दिसता रे?" विनीतनं विचारलं.

"काका आसत. डोक्यार टुवाल, हातात नारळ."

"बरणी खंय आसा?"

"बरणी नाय. खुर्चेर कुकर बसलो हा."

"बसलो म्हणजे?"

"बसलो म्हणजे बसलो. बाजूक उशी, मगे मिक्सर. सगळे काकांच्या तोंडाकडे बघतत."

तेवढ्यात काकांनी घसा खाकरला आणि अडखळत सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, वर्षावळीप्रमाणे आज ही जी काय राखण तुका दिल्ली आहे... आसा, ती मान्य करून घे, आणि ह्या वाडीतल्या लेकराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा."

आणि ते थांबून कुकराकडे बघू लागले. कुकर काही बोलेना. मिक्सरही गप्प.

आता आमच्याकडे गाऱ्हाण्याला जाब द्यायचं पोर पाळण्यातच शिकतं. झोपेतसुद्धा चुकत नाही. खिडकीबाहेरून तीन आवाज एका सुरात उठले, "व्हय म्हाराजा."

काकांच्या हातातला नारळ खाली पडला. क्षणभर त्यांना वाटलं की देवचार स्वतःच आलाय, आणि त्यांनी हात जोडून डोळे मिटले. पण देवचाराला हुमले चावत नाहीत आणि तो 'आये गे' म्हणत नाही. काकांनी एक डोळा उघडला, खिडकीकडे पाहिलं आणि नारळ उचलला.

"आणि म्हाराजा," ते आता खणखणीत बोलले, "जी काय पोरां माझ्या खिडकीभायर लपली आसत, तेंका उद्या शाळेत छडी बसांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तिघं म्हणाले.

"नाय म्हाराजा," मंगेशनं घाईनं जोडलं, पण तोवर ओंकारचे गुडघे वाकले आणि मनोरा कोसळला.

काकांनी तिघांना आत घेतलं आणि हुमल्यांवर खोबरेल लावलं. रागावतील असं पोरांना वाटलं होतं, पण काकांचाच चेहरा पडलेला.

"कुणाला सांगू नका रे," ते म्हणाले.

"पण काका, तुमका येता मा. मगे दार कित्या लावतास?" विनीतनं विचारलं.

"हसतील. सगळी उमर बाहेर गेली. एक शब्द चुकला की म्हणतील, ह्याला देवाशी बोलायलाही दुभाषी लागतो." मग त्यांनी खोबरेलाची बाटली बंद केली. "पण भाईच्या जागी फोन बोललेला मला बघवणार नाही."

त्या दिवसापासून कुकर स्वयंपाकघरात गेला आणि खुर्च्यांवर पोरं बसली. 'आसा'च्या जागी 'आहे' आलं की मंगेश खोकायचा. तिघांनी कुणाला न सांगायची शपथ घेतली, आणि विनीतनं ती रात्रीच्या जेवणापर्यंत पाळली. मी मात्र कुणाला सांगितलं नाही. हे वाडीत कुणाला खरं वाटत नाही.

राखणीच्या दिवशी दत्तप्रसादनं स्पीकर जोडला. भाई पुढे खुर्चीवर, गळ्याला मफलर, शेजारी विमलाकाकी. तेवढ्यात गुरुदासकाका नारळ घेऊन पुढे आले. "मी घालतो," म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दत्तप्रसादनं मोबाईलवरचं बोट काही काढलं नाही.

सुरुवात छान झाली. वाडीनं जाबही दिला. मग काकांची नजर भाईंकडे गेली आणि ते थांबले. मंगेश नुसतेच ओठ हलवून पुढचे शब्द सांगत होता, पण काकांना तो दिसतच नव्हता. लोकांत चुळबुळ सुरू झाली.

"बा देवा," काका म्हणाले, "मला पुढचं आठवत नाही. माझ्या भावाचा आवाज... माझ्या भावाचो आवाज तेका परत दी. माका तुझ्याकडे इतक्याच मागाचा आसा रे म्हाराजा."

कुणी हसलं नाही. आणि मग अख्खी वाडी अशी काही 'व्हय म्हाराजा' म्हणाली की कोंबडा दत्तप्रसादच्या बगलेतून उडून स्पीकरवर जाऊन बसला.

भाईंनीही तोंड उघडलं होतं. विमलाकाकीनं झटकन त्यावर हात दाबला. "डॉक्टरान बोलूक नको म्हणान सांगितल्यान ना तुमका?" ती कुजबुजली. भाईंनी मान हलवली आणि तिच्या तळहातातच 'व्हय म्हाराजा' म्हटलं. तिनं हात काढला नाही.