फाट्यावरच्या कॉलेजातली सात गणितं

माझ्या धाकट्या मुलाला, प्रसेनजितला, मुलगी झाली त्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, आमची समता बारावी झाली. समता ही थोरल्या धम्मदीपची मुलगी. बाळाच्या नामकरणाला पाहुणे जमले होते आणि त्याच दुपारी तिचा निकाल लागला. बुद्धवंदना झाल्यावर लोकांनी बाळाच्या आधी तिलाच पेढा भरवला. गणितात ती शाळेत पहिली होती. आता पुढं काय, असं कोणीतरी विचारलं. ती म्हणाली, "गणितच."

"गणित तं झालं ना बारावीत. आता काय राह्यलं त्याच्यात?" खाटेवरून तिचे आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे मालक, किसनराव. सगळे हसले.

किसनरावांना लकवा मारला होता. डावं अंग गेलं होतं, जीभ मात्र शाबूत होती. धम्मदीप मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, सुट्टीलाच घरी यायचा. सून सारिका दिवसभर अंगणवाडीत. मला एकटीला किसनराव उचलवत नसत. सकाळी त्यांना उठवून बसवणं, आंघोळ घालणं, संध्याकाळी खांद्याचा आधार देऊन अंगणात चालवणं, हे सगळं समता करायची. दुसऱ्या कोणी हात लावला तर ते अंग ताठ करायचे. संध्याकाळी ती खाटेच्या कडेला बसून गणितं सोडवायची आणि त्यांना समजावून सांगायची. त्यांना त्यातलं काही कळत नसे. पण प्रत्येक पायरीला ते "मंग?" म्हणायचे. तिनं एखादी पायरी गाळली असेल तर त्या "मंग?"वर ती अडकायची आणि चिडायची.

म्हणून दूरच्या गावी शिकायला जायचा प्रश्नच नव्हता. संग्रामपूरकडं जाताना आमच्या गावाच्या फाट्यावर एक कॉलेज आहे. तिथं गणित असलं तर ती शिकणार, नाहीतर नाही, असं तिनंच ठरवलं होतं.

आम्ही दोघी चौकशीला गेलो. मी अक्षरं उशिरा शिकले. पोरं मोठी झाल्यावर विहारातल्या वर्गात बसले होते. त्यामुळे पाटी दिसली की ती पूर्ण वाचल्याशिवाय माझ्यानं पुढं जाववत नाही. गेटाच्या आत मोठी निळी पाटी होती. गणित विभाग, असं वर लिहिलेलं आणि खाली नुसती गणितंच. साधं गणित, उपयोजित गणित, संख्याशास्त्र, मग व्यवसायाचं, संगणकाचं, वैदिक, आणि शेवटी स्पर्धा परीक्षेचं. समता पाटीपुढं उभी राहून हसत होती. मी तिला इतकं मोकळं हसताना फार दिवसांनी पाहिलं.

पाटीवर लिहिलं आहे म्हणजे ते आत आहे, असंच आम्ही धरलं. आमच्या घरात लिहिलेलं खोटं असू शकतं असं कोणाच्या मनातही येत नाही. कॉलेजात शिकलेल्या घरातली माणसं आधी आत जाऊन विचारतात, की शिकवतं कोण. आम्ही पाटी वाचली आणि सरळ खिडकीवर गेलो.

खिडकीवर शंकरराव होते, तिथले क्लार्क. आमच्याच गावचे. नव्या पद्धतीत पोरांना एक मुख्य विषय, एक जोडीचा आणि वरून आणखी दोन-तीन घ्यावे लागतात. समतानं जिथं जिथं चाललं तिथं गणितच घेतलं. शंकररावांनी चष्मा वर केला.

"बाई, ताटात नुसतं मीठच वाढून घेऊन राह्यली का?"

"मीठ नाही काका, भाकर घेऊन राह्यली," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं आबांना सातही नावं ऐकवली. ते म्हणाले, "सात प्रकारचं गणित? अन् मी उगाच समजत होतो का हिशोब एकच असते."

पहिल्या वर्षी गणिताला एकच शिक्षक होते, अविनाश सर. तासावर नेमलेले. तीन कॉलेजांत मोटारसायकलवर फिरून शिकवायचे. आठवड्यातून दोनदा यायचे, पण समता सांगायची की ते आले की वर्गात वेळ कसा गेला ते कळत नाही. संख्याशास्त्राला कोणी आलंच नाही. व्यवसायाचं गणित दुसऱ्या इमारतीत आहे म्हणाले, आणि त्या इमारतीला कुलूप. वैदिक गणिताचा तास मात्र न चुकता व्हायचा. वनस्पतीशास्त्राचे सर एक पातळ पुस्तक आणायचे, त्यातून वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, किती सोपं." दिवाळीनंतर अविनाश सरांची नेमणूक पुढं वाढवली नाही. का, ते कोणी सांगितलं नाही. समता मोबाईलवर पाहून पाहून अभ्यास करत राहिली आणि परीक्षा पास झाली. तिच्याबरोबर गणित घेतलेली पोरं एकेक करून वनस्पतीशास्त्रात गेली. दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला तिला सांगण्यात आलं, मुख्य विषय बदल.

ती घरी आली आणि आबांना चालवायला घेऊन गेली. मी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडं गेले.

प्राचार्य भगवानराव बोलायला गोड माणूस. त्यांनी खुर्ची दिली. म्हणाले, "आजी, एका मुलीसाठी मी शिक्षक कुठून आणू? मुलंच नाहीत."

"मुलं होती. शिकवणारा नव्हता म्हणून गेली."

"वनस्पतीशास्त्र काही वाईट नाही. मुलींना ते बरं पडतं."

"वाईट नाही म्हणते मीबी. पण तिनं ते मागितलं नाही. तुमच्या पाटीवर सात गणितं आहेत, त्यातलं एक द्या."

"ते मंजूर अभ्यासक्रम आहेत, आजी. मंजूर असणं वेगळं आणि चालू असणं वेगळं."

"मंग पाटीवर तसंच लिहा ना."

ते हसले. शिपायाला चहा आणायला सांगितलं. माझ्या बोलण्यावर कोणी चहा मागवला की मला कळतं, की आता हा माणूस ऐकणार नाही. मी चहा न घेता उठले.

पंधरवडाही झाला नसेल, शंकरराव आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातात केळीची फणी.

"काकू, कॉलेजात समिती येऊन राह्यली. दर्जा ठरवाले. त्याईले पालकांशी बोलाचं असते. सरांनी तुमचं नाव काढलं."

"माह्यं काऊन?"

"तुम्ही पोरं मोठी झाल्यावर लिहावाचाले शिकल्या, अन् आता नात गणित शिकून राह्यली. असं कुठं भेटते सांगा बरं? पांढरं पातळ नेसून या. दोन शब्द चांगले बोला. इतकंच."

किसनराव खाटेवरून म्हणाले, "मलेबी घेऊन चाला. पाहाले बरा आहो मी. अर्धाच हालतो, पण बरा आहो."

शंकरराव हसले नाहीत. आवाज खाली करून म्हणाले, "काकू, सरांनी शब्द देला आहे. समिती नीट गेली का अविनाश सरांले पुन्हा बोलावतो. एकटी असली तरी समताचं गणित चालू ठेवतो."

मी समताकडं पाहिलं. ती दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत जी आशा होती ती पाहून मला प्राचार्यांचा राग आला आणि मी हो म्हणाले.

समितीच्या दिवशी कॉलेज ओळखू येत नव्हतं. दुसऱ्या इमारतीचं कुलूप निघालं होतं. निळी पाटी नव्यानं रंगवली होती. आम्हा पालकांना व्हरांड्यात खुर्च्यांवर बसवलं. माझी खुर्ची एका वर्गाच्या खिडकीला लागून होती. आत फळ्यावर लिहिलं होतं, गणित, द्वितीय वर्ष. बाकं भरलेली. त्यातली निम्मी पोरं मी ओळखत होते, ती आर्टसची होती. सगळ्यांपुढं कोऱ्या वह्या. पहिल्या बाकावर समता. आणि फळ्यापाशी अविनाश सर, त्या दिवसापुरते बोलावलेले, इस्त्रीच्या शर्टात.

समितीचे तिघं आत आले आणि मागं उभे राहिले. सरांनी आधीच लिहून ठेवलेलं एक उदाहरण वाचायला सुरुवात केली. तेवढ्यात समतानं हात वर केला. ते ठरलेलं नव्हतं, हे प्राचार्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"सर, पुस्तकात लिहिलं आहे, संख्या हव्या तितक्या जवळ येतात. हव्या तितक्या म्हणजे किती? ते कोण ठरवते?"

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग फळ्यावरचं सगळं पुसून टाकलं.

"समोरचा ठरवतो," ते म्हणाले. "समज, मी म्हणालो की मी जवळ येतो. तू विचारायचं, किती जवळ? तू जेवढं सांगशील तेवढं जवळ मला येऊन दाखवावं लागेल. तू आणखी कमी सांगितलंस तर आणखी जवळ. एकदाही मी हरलो तर माझं म्हणणं खोटं."

ते लिहू लागले. समतानं एक आकडा सांगितला, त्यांनी उत्तर दिलं. तिनं त्याहून लहान सांगितला. मागच्या बाकावरचा एक आर्टसचा पोरगा, ज्याला नुसतं बसायला सांगितलं होतं, तो म्हणाला, "सर, मी सांगू का एक?" वर्गात हसणं झालं आणि पोरं पुढं सरकली. मला खिडकीतून आकडे समजत नव्हते. पण आत खरं काहीतरी चाललं आहे हे समजत होतं. वर्षभर तिला जे मिळायला हवं होतं ते तिथं होतं.

मग प्राचार्यांनी टाळी वाजवली. "सर, बास. पाहुण्यांना ग्रंथालय बघायचं आहे."

सर अर्ध्या ओळीवर थांबले. समिती बाहेर पडली. मागोमाग शिपाई आत शिरला आणि बाकं उचलायला लागला, ती जेवणाच्या खोलीत हवी होती. पोरं पांगली. समता तशीच बसून होती. शिपाई म्हणाला, "उठ ना बे पोरी, हे बाक न्यायचं आहे."

त्यानंतर आमची पाळी आली. समितीच्या प्रमुख पुष्पांजली मॅडम, बाहेरगावच्या, शांत बोलणाऱ्या. प्राचार्यांनी माझी ओळख करून दिली, मी कशी उशिरा शिकले आणि माझी नात या कॉलेजात कशी गणित शिकते आहे. मॅडम म्हणाल्या, "आजी, कॉलेजबद्दल काही सांगायचं आहे?"

मी ठरवून गेले होते की चांगलंच बोलायचं. समताचं गणित माझ्या दोन शब्दांवर होतं. पण ते बाक उचलणं माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

मी म्हणाले, "मॅडम, आत्ता तुमच्यासमोर जो तास चालू होता तो अर्धाच झाला. तो पुरा करा. आम्हीबी बसतो. चहा मागून घेऊ."

मॅडमनी प्राचार्यांकडं पाहिलं. ते म्हणाले, "आजींचा उत्साह बघा."

"उत्साह नाही सर. तो माणूस अजून सायकल स्टँडवर असन. त्याले बोलवा. दिवाळीपासून त्याले इथं कोणी पाह्यलं नाही, आज आला आहे तं पोरीचा एक तास तरी होऊ द्या. ती पोरं बाकीची आर्टसची आहेत. पाटीवरची सात गणितं मी सांगून देऊ शकते, पण शिकवते कोण ते मले सांगता येत नाही. तुम्ही विचारा."

मॅडमनी पेन उघडलं, थोडं लिहिलं आणि म्हणाल्या, "आम्ही नोंद घेतली आहे." मग घड्याळ पाहिलं. तास पुरा करायला वेळ नव्हता. जेवायला होता.

बाहेर प्राचार्य मला गाठून म्हणाले, "तुम्ही तुमच्याच नातीचं नुकसान केलं, आजी." मी म्हणाले, "तुमचा शब्द खरा असता तं तुम्ही मले पांढरं पातळ नेसाले सांगितलं नसतं." शंकरराव नंतर कित्येक दिवस मला पाहून रस्ता बदलायचे.

नोंदीचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. कॉलेजला वरचा दर्जा मिळाला. फाट्यावर प्राचार्यांचा हार घातलेला फोटो लागला. पाटीवर आठवं गणित आलं, त्यात शेतीचा काहीतरी शब्द होता. आणि समताला वनस्पतीशास्त्र घे, नाहीतर दाखला ने, असं सांगितलं.

अविनाश सरांनीच अमरावतीच्या एका कॉलेजात फोन केला. तिथं गणिताचे शिक्षक होते, खरेखुरे, आणि मुलींना वसतिगृह. समता जायला तयार नव्हती. "आबांले कोण उचलन?" एवढंच म्हणायची.

किसनराव म्हणाले, "मी काय कापसाची गाठ आहो का बे, मले उचलाले तूच पाह्यजे? प्रसेनजितले बोलावू. जाय तू."

ती गेली. प्रसेनजितला रोज यायला जमलं नाही, त्याचं लेकरू लहान. शेजारची पोरं बोलावून आणावी लागायची. किसनराव त्यांच्या हातात ताठ व्हायचे. मग म्हणायला लागले, आज नको उठवू, पडून राहतो. पडून राहिल्यानं पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ धरला. खामगावच्या डॉक्टरांनी विचारलं, यांना हलवत का नाही? मी त्यांना काय सांगणार होते? की घरापासून चालत जाता येईल अशा कॉलेजात आठ गणितं आहेत, म्हणून यांना हलवणारी पोरगी अमरावतीला आहे? समताला आम्ही कळवलं नाही. तिची परीक्षा चालू होती आणि कळवायचं नाही अशी किसनरावांची ताकीद होती.

मी त्या फाट्यावरून आता जाते तेव्हा लोक म्हणतात, सिंधूताई, झालं ते झालं, सोड आता. मी सोडत नाही. पाटी अजून तिथंच आहे.

पेपर सुटल्यावर निरोप मिळून समता रेल्वेनं शेगावला उतरली आणि घरी पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. तोवर आम्ही अंत्यविधी थांबवून ठेवला होता. माझे मालक किसनराव ११ डिसेंबर २०२४ ला, बुधवारी सकाळी, घरीच वारले. समता त्या वेळी अमरावतीला गणिताच्या पेपरात बसली होती.