उत्तरेकडची भिंत

आमच्या प्रार्थनाघरात वाचनाचा नेम ठरलेला आहे. शास्त्र पहिल्या पानापासून सलग वाचायचं आणि ज्याची पाळी असेल त्याने पुढ्यात येईल तेच वाचायचं. निवडानिवड नाही. या रविवारी पाळी माझी होती आणि पुढ्यात आला तो नेमका कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्यांना संदेष्टा फैलावर घेतो तो उतारा.

मी गवंडी. पंधरवड्यापूर्वी इथल्याच उत्तरेकडच्या भिंतीला गिलावा मी केला. पाया खचलाय, भेगेत अख्खी थापी जातेय, हे दादाला सांगितलं होतं. दादा माझा थोरला भाऊ आणि प्रार्थनाघराचा कारभारी. "वर्धापनदिनाला पाहुणे येणारेत. आधी भेग झाक, पायाचं नंतर बघू," म्हणाला. आणि मी ती झाकली. त्या भिंतीला लागूनच लहान मुलांचे बाक आहेत. तेव्हापासून स्वतःचा असा संताप येतोय की घास गोड लागत नाही.

वाचनाआधी दादाने मला दारातच गाठलं. "दोन पानं उलट. कोणाला कळतंय?"

"देवाला कळेल."

"मग घरी जाऊन देवालाच वाचून दाखव!"

मी वाचलं. भिंत कोसळेल आणि तिला लिंपणारेही तिच्याखाली जातील, इथपर्यंत एक शब्द गाळला नाही. लोकांनी माना डोलावल्या. निवृत्त मास्तर तर म्हणाले, "आवाज खणखणीत हं तुझा!" पालथ्या घड्यावर पाणी! पोरं तिथेच पाय हलवत बसलेली.

माझं डोकंच फिरलं. खाली उतरलो, भिंतीपाशी गेलो आणि खिशातल्या किल्लीने गिलावा उचकटला. ताटाएवढा पोपडा खाली आला. आता भेगेत माझा हात जात होता.

"हे लिंपणारा मीच," मी म्हणालो. "उतारा माझ्यावरच आहे. भिंत पडणार. पोरांना उठवा."

कोणी हललं नाही. सगळे दादाच्या तोंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात आई उठली, गुडघे दाबत बाकापर्यंत आली आणि तिने दादाच्याच मुलीचा हात धरला.

"आई, बस खाली," दादा म्हणाला.

"आधी तू बस. इथे, लेकीच्या जागेवर."

दादा बसला नाही.