यंत्रातला अर्धा कप

आमच्याकडचं भांडी घासायचं यंत्र पाणी सोडेनासं झालं ते आमचे हे गेले त्याच सुमारास. तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही. घरात पाहुणे होते, भांडी बाई घासत होती. मग पाहुणे गेले, बाईही दुपारचीच येऊ लागली आणि संक्रांतीनंतरच्या एका सकाळी मी यंत्राचं दार उघडलं, तर तळाला दोन बोटं पाणी. वरच्या जाळीतली भांडी लख्ख. खाली मात्र गढूळ, तांबूस पाणी आणि त्याला गवती चहाचा वास.

घरात गवती चहा घालून चहा पिणारी मी एकटी. माझा मुलगा सलिल आणि सून स्पृहा कॉफी पितात, तीसुद्धा ऑफिसात गेल्यावर. खराडीला आलो तेव्हा गॅलरीतल्या कुंडीत गवती चहा लावला होता तो यांनी, आणि पीत होतो आम्ही दोघं.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा मी कोणालाच सांगितली नव्हती. हे गेल्यावरही माझ्या हातून दोनच कप चहा होत होता. एक्कावन्न वर्षं पहाटे साडेपाचला दोन कप आधण ठेवलेलं. हाताला एका कपाचं माप ठाऊकच नव्हतं. दोन कप गाळून होत, मग माझ्या लक्षात येई. मी माझा पिऊन घेई आणि स्पृहा उठायच्या आत दुसरा सिंकमध्ये ओतून देई.

यांची एक खोड होती. कप भरलेला लागायचा, आणि प्यायचे अर्धा. उरलेला तसाच ओट्यावर. मी रोज म्हणायची, "अर्धाच घ्यायचा होता तर पूर्ण का करायला सांगता?" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "असू दे, उरला तर उरला." असं एक्कावन्न वर्षं चाललं.

म्हणून यंत्रात तो वास आल्यावर मी एक करून बघितलं. रात्रीची भांडी यंत्रातून काढल्यावर तळ फडक्याने पुसून कोरडा केला आणि दार घट्ट लावलं. सकाळी त्यांचा कप सिंकमध्ये ओतला, आणि मग दार उघडलं. तळाला चहा होता. स्पंजने टिपून मी तो त्याच कपात पिळला. कप बरोबर अर्धा भरला.

मी तो कप हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. पाठीमागे वळून बघायचा धीर झाला नाही. आणि खरं सांगायचं तर, वळून बघितलं आणि कोणी नसलं तर काय, याचीच भीती जास्त होती.

यंत्रात पाणी राहतं हे स्पृहाच्याही लक्षात आलंच. तिने तक्रार नोंदवली. संतोष नावाचा माणूस आला. अमरावतीकडचा, हसतमुख. त्याने तळाची जाळी काढून धुतली, पंपात काही अडकलंय का ते पाहिलं, यंत्र पुढे ओढून पाठीमागे बॅटरी मारली आणि एकदा रिकामंच चालवून दाखवलं. पाणी सरसर निघून गेलं.

"मशिन ओके आहे जी," तो म्हणाला. "पाणी बराबर फेकून राहिली."

"मग हे पाणी येतं कुठून?" स्पृहाने विचारलं.

त्याने जाळीला नाक लावलं. "चहा आहे न हा. आजी, तुम्ही उरलेला चहा न फेकता कप आतमधे ठेवता काय?"

स्पृहा माझ्याकडे बघायला लागली. मी ओटा पुसायला घेतला. पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा बोलावलं, तेव्हाही त्याने तेच केलं आणि तेच सांगितलं. या खेपेला त्याने विचारलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाला, "होते जी, वय झाल्यावर."

त्याआधी दोन गोष्टी झाल्या होत्या. एकदा मी गॅस बारीक ठेवून खाली भाजी आणायला गेले होते. एकदा सलिल ऑफिसातून आला तेव्हा त्याच्या चपलांचा आवाज ऐकून मी आतूनच "अहो, आलात का?" म्हणाले होते. दोन्ही वेळा सलिल हसला होता. यंत्रातल्या चहानंतर तो हसेनासा झाला.

एका रात्री जेवताना स्पृहाने विषय काढला. "आई, वाघोलीला एक चांगली जागा आहे. ज्येष्ठांसाठी. नर्स असते, डॉक्टर येतात. आपण नुसतं बघून येऊ. इथून अर्ध्या तासावर."

"ट्रॅफिक नसलं तर," मी म्हणाले.

"आई, प्लीज. आम्ही दोघं दिवसभर बाहेर असतो. उद्या काही झालं तर?"

सलिल ताटातल्या पोळीचे तुकडे करत होता, खात नव्हता. "शनिवारी जाऊन येऊ," तो म्हणाला. "आवडलं नाही तर नाही." पण एका खोलीची आगाऊ नोंदणी झालेली मला त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून आधीच कळली होती.

स्पृहा वाईट नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. अडचण माझी होती. चहा यंत्रात कुठून येतो ते सांगायचं तर मी रोज दोन कप करते हे सांगावं लागणार, म्हणजे वाघोली पक्की. न सांगावं, तर आजी चहाने भरलेले कप यंत्रात ठेवते असंच ठरणार, म्हणजेही वाघोलीच. आणि तिथे आपला आपण चहा करता येत नाही. तो साडेसातला ट्रेमधून येतो, एकच कप. हे स्पृहाने मला सोय म्हणून सांगितलं होतं.

शिवाय यंत्र दुरुस्त व्हावं असं तरी मला कुठे मनापासून वाटत होतं? रोज सकाळी दार उघडताना वाटायचं, आज तळ कोरडा असला तर? तळाला चहा दिसला की मगच मी पुढच्या कामाला लागायची.

गुरुवारी स्पृहा जाताना सांगून गेली, "आई, तिथल्या फॉर्मला तुमचे जुने रिपोर्ट लागतील. काढून ठेवाल?" रिपोर्ट यांच्या कपाटात. हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते, धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात जन्म गेला. घरातल्या प्रत्येक वस्तूची यांची फाइल असायची: पंखा, मिक्सर, माझे गुडघे. गुडघ्यांची फाइल शोधताना हाताला एक पातळ फाइल लागली. वर सुबक अक्षरात, "भांडी-यंत्र".

लॉकडाउनमध्ये बाई येईना, तेव्हा सलिलने ते यंत्र मागवलं होतं आणि बसवायला माणूस मिळेना म्हणून यांनी स्वतः बसवलं होतं. आत यांच्या हातचा नकाशा होता. सिंक, ओटा, यंत्र, आणि यंत्रातून निघून सिंकखालच्या सांडपाण्याच्या पाइपला जोडलेली नळी. सगळीकडे मापं. नळी सरळ नव्हती काढलेली. ती यंत्रातून निघून वर ओट्याच्या पट्टीपर्यंत चढत होती आणि मग खाली उतरत होती. त्या चढावावर बाण आणि शेजारी मजकूर:

"नळी येथपर्यंत उचलून बांधली आहे. खाली लोळल्यास सिंकमधले पाणी उलटे यंत्रात येईल. बाजार बंद, दोरी नाही. सबब जुने जानवे वापरले. सूत मजबूत. हेमाला सांगू नये."

हेमा म्हणजे मी.

मी फाइल मांडीवर घेऊन पलंगावर बसले आणि मला सगळं आठवलं.

यांच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी बादली शोधायला मी सिंकखालचं कपाट उघडलं होतं. मागे, अंधारात, एका काळ्या नळीला यांचं जानवं गुंडाळलेलं दिसलं. कचऱ्याच्या डब्याच्या वर, खरकट्याच्या जागी. श्रावणीला जानवं बदललं की जुनं पाण्यात सोडायचं, हे यांना काय ठाऊक नव्हतं? ज्याचं शरीर गेलं त्याच्या अंगावरचं सूत असं मोरीत लोंबकळतंय, हे मला बघवेना. कोणी लावलं, का लावलं, विचारसुद्धा केला नाही. कात्रीने कापलं, धुतलं, कागदात गुंडाळलं आणि सलिलला दिलं. आळंदीला अस्थींबरोबर ते इंद्रायणीत गेलं. त्या रात्री मला बरं वाटलं होतं. काहीतरी नीट केल्यासारखं.

संतोष दोन्ही वेळा यंत्राच्या मागे बघत होता. सिंकखाली डबे, पिशव्या, फिनेलच्या बाटल्या. तिथे कोण वाकणार? आणि तो यंत्र चालवत असताना सिंकमध्ये पाणी कोणी ओतत नव्हतं.

मी पाट घेऊन सिंकखाली बसले. गुडघ्यांनी नको नको म्हटलं. डबे काढले. नळी जमिनीवर आडवी पडली होती.

शुक्रवारी सलिल घरून काम करत होता. चार वाजता मी त्याच्या खोलीत गेले. "पाच मिनिटं ये. आणि कानातलं काढ."

यंत्राचा तळ मी कोरडा करून ठेवला होता. त्याला दार उघडून दाखवलं, हात फिरवायला लावला, दार बंद केलं. मग ओट्यावरच्या दोन कपांतला एक उचलून सिंकमध्ये ओतला.

"आता उघड."

त्याने उघडलं. खाली बघितलं, सिंककडे बघितलं, मग फरशीवर बसून कपाटात डोकं घातलं. इंजिनियर आहे, त्याला नकाशा लागला नाही. "नळी खाली पडलीय," तो आतूनच म्हणाला. "बॅक-फ्लो. अगं, म्हणजे हे सगळं सिंकमधून येत होतं!"

"मी चहाचे कप आत ठेवत नव्हते."

"नव्हतीस." तो बाहेर आला. त्याच्या केसांना जळमट लागलं होतं. मग त्याची नजर ओट्यावर गेली. "पण रोज एवढा चहा सिंकमध्ये कसा? आणि दोन कप कशाला?"

आता काही लपवण्यात अर्थ नव्हता. "रोज दोन होतात," मी म्हणाले. "करायचे म्हणून करत नाही. होतात. मग कोणी प्यायला येत नाही म्हणून ओतते. ओतताना मला पूर्ण ठाऊक असतं की तुझे बाबा गेलेत. ते विसरता आलं असतं तर ओतला कशाला असता?"

मी त्याच्या हातात फाइल दिली. त्याने वाचली. "हेमाला सांगू नये"पाशी आला तेव्हा फसकन हसला आणि लगेच बेसिनशी जाऊन तोंड धुवायला लागला. बराच वेळ धूत होता.

"मी कापलं ते," मी त्याच्या पाठीला सांगितलं. "आणि तू नदीत सोडलंस."

"म्हणजे आपण दोघांनी मिळून त्यांचं काम उखडलं," तो टॉवेलातून म्हणाला.

यांच्या कपाटात नव्या जानव्यांची पुडी शिल्लक होती. मी त्यातलं एक आणून दिलं. सलिलने नळी वर उचलली, पट्टीवरच्या यांच्याच खिळ्याला दोन वेढे घेतले आणि सुताचं टोक दातांत धरून गाठ आवळली. अगदी हे बांधायचे तशीच. मान तशीच डावीकडे.

स्पृहा सातला आली. तिने कपाटात वाकून बघितलं. "हे काय? डिशवॉशरची मुंज लावली?"

"भिक्षावळ राहिलीय," मी म्हणाले. "तू घाल."

सलिलने तिला फाइल दाखवली, सगळं सांगितलं, दुसऱ्या कपाचंही. ती माझ्याजवळ येऊन बसली. "आई, मला सांगायचं ना," एवढंच म्हणाली. मग तिनेच वाघोलीला फोन लावला. "उद्या आम्ही येत नाही. नाही, पुढच्या शनिवारीही नाही. खोली दुसऱ्या कोणाला द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी यंत्राचं दार उघडलं. तळ कोरडा ठणठणीत होता. गवती चहाचा वास नाही, काही नाही, नुसतं स्टील. त्यात माझा चेहरा दिसत होता. घर हातात राहिलं होतं, आणि मी त्या कोरड्या तळासमोर बसून राहिले. दुसरा कप ओट्यावर गार झाला. त्या आठवड्यात मी तो ओतला नाही, कुंडीला घातला.

हे कार्तिक वद्य पंचमीला गेले. वर्ष होईपर्यंत दर महिन्याला ती तिथी येते. या महिन्यात ती रंगपंचमीला आली. सगळे झोपलेले असताना मी पाट घेतला, सिंकखाली बसले आणि गाठ सोडली. सलिलची गाठ सुटता सुटत नव्हती, बापासारखीच. नळी खाली ठेवली. चहा केला, दोन कप. त्यांचा कप काठोकाठ भरून सिंकमध्ये ओतला. थोडी थांबले. मग यंत्राचं दार उघडलं, स्पंजने टिपलं आणि कपात पिळलं.

अर्धा.

सलिलला विचारलं तर तो म्हणेल, उरलेला अर्धा खाली गटारात गेला. तसंच असेल. मी वाद घालणार नाही.

नळी पुन्हा वर बांधली. अर्धा कप ओट्यावर ठेवला, ते ठेवायचे तिथेच. खाली सोसायटीत पोरं पिचकाऱ्या भरायला लागली होती. पाठीमागे न वळता मी नेहमीसारखंच म्हणाले, "अर्धाच घ्यायचा होता तर पूर्ण का करायला सांगता?"

आणि उत्तरासाठी थोडी थांबले.